मिठागरातला जिवाणू खरंच नवा आहे का? तपासायचं कसं, नाव द्यायचं कसं

प्रश्न असा आला आहे: एमएस्सीच्या प्रकल्पासाठी रायगड जिल्ह्यातल्या एका मिठागरातून आणि त्याला पाणी देणाऱ्या खाडीतून नमुने घेतले. मरीन अगारवर, म्हणजे समुद्राच्या पाण्यासारखे क्षार असलेल्या घट्ट माध्यमावर, सायीच्या रंगाच्या कॉलनी आल्या. त्यातली एक १८ टक्के मिठातही वाढते. जिवाणूंची ओळख पटवायला वापरतात त्या १६एस आरआरएनए जनुकाचा क्रम काढला तेव्हा हॅलोमोनास जीनसमधल्या एका प्रजातीशी ९८.२ टक्के साम्य दिसलं. ही नवी प्रजाती म्हणायची का, पुढे काय करायचं आणि नाव कसं द्यायचं?

शक्यता चांगली आहे. पण आज तुमच्या हातात एकच आकडा आहे आणि त्याच्यामागे काय दडलंय ते पाहिल्याशिवाय कुणाला 'नवी प्रजाती सापडली' म्हणून सांगू नका. मी सविस्तर लिहितो, कारण हीच वाट अनेकजण अर्ध्यावर सोडतात आणि चांगले जिवाणू फ्रीजमध्ये मरून जातात.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. शाळेच्या पुस्तकात जीनसला प्रजाती आणि स्पीशीजला जाती म्हणतात. वर्तमानपत्रं मात्र स्पीशीजलाच प्रजाती म्हणतात आणि तेच रुळलं आहे. इथे प्रजाती म्हणजे स्पीशीज असं धरा. जीनसला मी जीनसच म्हणतो.

आता तुमचा ९८.२. हा आकडा किती लांबीच्या क्रमावरून आला? पूर्ण जनुक साधारण १५०० अक्षरांचं, म्हणजे डीएनएच्या घटकांचं, असतं. सँगर या डीएनए वाचायच्या पद्धतीने एका बाजूने वाचलं तर सातशे-आठशे अक्षरं नीट मिळतात. प्रकल्पांमध्ये बहुतेक वेळा एकाच बाजूचं वाचन करून घेतात, बाहेरून आलेली फाइल जशीच्या तशी ब्लास्टमध्ये, म्हणजे साठवलेल्या क्रमांशी तुलना करणाऱ्या शोधयंत्रात, टाकतात आणि वर दिसेल तो टक्का वहीत उतरवतात. हिशोब करून पाहा. १४५० अक्षरांत ९८.२ टक्के साम्य म्हणजे २६ जागी फरक. आता क्रोमॅटोग्राम, म्हणजे वाचनाचा शिखरांचा आलेख, उघडा आणि शेवटच्या शंभरेक अक्षरांकडे बघा. तिथे शिखरं बुटकी होतात, एकमेकांत मिसळतात, आणि सॉफ्टवेअर अंदाजाने अक्षर भरतं. अशी १० अक्षरं चुकीची निघाली तर खरा फरक १६ जागांवर येतो आणि साम्य होतं ९८.९ टक्के. नव्या प्रजातीसाठी आज जो उंबरठा मानतात तो आहे ९८.६५ ते ९८.७. म्हणजे दहा अंधुक शिखरांनी तुमचा जिवाणू उंबऱ्याच्या या बाजूचा त्या बाजूला जातो. म्हणून दोन्ही बाजूंनी वाचन करून घ्या, मधे आणखी एक प्राइमर (वाचन जिथून सुरू होतं तो डीएनएचा छोटा तुकडा) लावा, आणि एकेक अक्षर डोळ्यांनी तपासून निदान १४०० अक्षरांचा स्वच्छ क्रम तयार करा. हे काम एका दुपारचं आहे.

दुसरी गोष्ट, साम्य कुणाशी काढलं? ब्लास्टमध्ये पहिल्या ओळीत 'अनकल्चर्ड बॅक्टेरियम' किंवा नुसतं 'हॅलोमोनास एसपी.' आणि पुढे एखादा नंबर आला तर त्याचा वर्गीकरणाशी काही संबंध नाही. कुणीतरी कुठेतरी मिळवलेला, नाव न दिलेला जिवाणू आहे तो. त्याच्याशी १०० टक्के साम्य असलं तरी तुमचा जिवाणू नवा असू शकतो. उलटही होतं: डेटाबेसात एखाद्याने चुकीचं नाव लावून ठेवलेलं असतं आणि आपण त्यावर विश्वास ठेवून बसतो. तुलना फक्त टाइप स्ट्रेनशी करायची. टाइप स्ट्रेन म्हणजे ज्या जिवंत कल्चरवरून ती प्रजाती पहिल्यांदा वर्णिली गेली ते कल्चर. मीटरची लांबी ठरवायला एक पट्टी जपून ठेवली होती ना, तसं. दक्षिण कोरियातला ईझेडबायोक्लाउड हा डेटाबेस टाइप स्ट्रेनवर बेतलेला आहे, तिथे शोध घ्या. मग जर्मनीच्या डीएसएमझेड संस्थेच्या एलपीएसएन या यादीत जाऊन पाहा, की ते नाव आजही तेच आहे का.

हे शेवटचं वाक्य तुमच्या बाबतीत विशेष महत्त्वाचं आहे. हॅलोमोनास ही जीनस १९८० मध्ये मांडली गेली, कॅरिबियन समुद्रातल्या बोनेर बेटाच्या मिठागरातून मिळालेल्या हॅलोमोनास इलाँगाटा या प्रजातीवरून. पुढे तिच्यात इतक्या प्रजाती येत गेल्या की ती एक गोळाबेरीज झाली. २०२३ मध्ये जीनोमच्या, म्हणजे संपूर्ण डीएनएच्या, आधारे तिची फोड करण्यात आली आणि अनेक प्रजाती नव्या जीनसमध्ये गेल्या. त्यांतल्या एका जीनसचं नाव व्रीलँडेला, हॅलोमोनासचं पहिलं वर्णन करणाऱ्या रसेल व्रीलँड यांच्या नावावरून. टायटॅनिक जहाजाच्या गंजातून मिळालेला आणि २०१० मध्ये हॅलोमोनास टायटॅनिसी म्हणून जाहीर झालेला जिवाणू तुम्ही वाचला असेल. तो आता व्रीलँडेला टायटॅनिसी आहे. तेव्हा तुमच्या जिवाणूचा सर्वांत जवळचा नातेवाईक आज हॅलोमोनासमध्येच राहतो की घर बदलून गेला आहे, हे बघूनच प्रबंधाचं शीर्षक लिहा. जुन्या नावावर सहा महिने काम करून परीक्षकाने ते दाखवून दिलं की फार वाईट वाटतं.

उंबरठ्याबद्दलही थोडं सांगतो, कारण जुनी पुस्तकं अजून ९७ टक्के सांगतात. १९८७ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने ठरवलं की दोन स्ट्रेनच्या (वेगवेगळ्या मिळवलेल्या कल्चरच्या) डीएनएचं एकमेकांशी संकरण, म्हणजे धागे जुळून बसणं, ७० टक्के किंवा जास्त असेल तर ते एका प्रजातीचे. १९९४ मध्ये दिसलं की १६एसचं साम्य ९७ टक्क्यांखाली असेल तर संकरण ७० वर जात नाही, म्हणून तेवढ्यापुरतं ते कष्टाचं काम टाळता येतं. २००६ मध्ये जास्त माहिती हाती आल्यावर ही रेषा ९८.७ वर नेली, आणि २०१४ मध्ये जीनोमच्या तुलनांवरून ९८.६५ आली. हे लक्षात घ्या की ही रेषा एकाच दिशेने बोलते. तिच्या खाली असाल तर प्रजाती वेगळी असण्याची दाट शक्यता. तिच्या वर असाल तर १६एस काहीच सांगत नाही. समुद्रातल्या व्हायब्रिओ जिवाणूंचं उदाहरण घ्या: व्हायब्रिओ पॅराहीमोलिटिकस आणि व्हायब्रिओ अल्जिनोलिटिकस या दोन स्वतंत्र प्रजाती आहेत, पण त्यांचं १६एस ९९ टक्क्यांहून अधिक सारखं आहे. म्हणून ९९.३ आलं म्हणून प्लेट फेकून देणाऱ्यांचं मला नेहमी वाईट वाटतं.

आता मिठाकडे वळतो. या भागावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण जीनोम आज पैसे देऊन कुणीही काढून आणतो, पण मिठाचे प्रयोग हाताने करावे लागतात आणि तिथेच सर्वांत जास्त चुका होतात.

'१८ टक्क्यांत वाढतो' म्हणजे तो मीठप्रेमी असं नाही. माणसाच्या कातडीवरचा स्टॅफिलोकॉकस साडेसात टक्के मिठाच्या अगारवर मजेत वाढतो, आपण त्याला त्याच माध्यमावर वेगळा काढतो. तो मीठ सोसतो, त्याला मीठ लागत नाही. लागतं की सोसतं हे दोन प्रश्नांवर ठरतं: शून्य मिठात वाढतो का, आणि सर्वांत चांगला कुठे वाढतो. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ कुशनर यांची वर्गवारी अजून सगळे वापरतात. सर्वोत्तम वाढ ०.२ ते ०.५ मोलर मिठात असेल, म्हणजे सुमारे १ ते ३ टक्के, तर किंचित मीठप्रेमी. समुद्रातले बरेचसे जिवाणू इथे बसतात. ०.५ ते २.५ मोलर, म्हणजे साधारण ३ ते १५ टक्के, तर मध्यम. त्यापुढे ५.२ मोलरपर्यंत, म्हणजे ३० टक्क्यांपर्यंत, तर कट्टर. तुमचा बहुधा मध्यम गटातला निघेल. त्या घराण्याची वाढीची मर्यादा रुंद असते.

शून्य मिठाची नळी ही सगळ्यांत फसवी. बाजारातल्या न्यूट्रियंट ब्रॉथच्या (पातळ माध्यमाच्या) तयार पावडरीत लिटरला ५ ग्रॅम मीठ असतंच. ती वापरून 'शून्य टक्के' असं लेबल लावलं तर खरं ते अर्धा टक्का असतं. मी स्वतः सुरुवातीला एका स्ट्रेनला बिनमिठाचा वाढतो असं लिहून बसलो होतो. वर्षभराने डब्यावरचं लेबल वाचलं तेव्हा सगळी तक्ताभर कामं पुन्हा करावी लागली. पेप्टोन, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, मीठ सगळं सुटं सुटं तोलून घ्या. दुसरी गफलत बियाण्याची, म्हणजे इनॉक्युलमची. १० टक्के मिठाच्या ब्रॉथमधलं १०० मायक्रोलिटर कल्चर १० मिलिलिटरच्या नळीत टाकलंत तर त्याच्यासोबत ०.१ टक्का मीठ गेलंच. ज्याला नाममात्र मीठ पुरतं त्याला तेवढ्यावरही एक-दोन पिढ्या काढता येतात. म्हणून पहिल्या नळीत गढूळपणा दिसला तरी त्यातून दुसऱ्या बिनमिठाच्या नळीत, दुसरीतून तिसरीत असं तीनदा न्या. तिसरीत वाढला तरच वाढला म्हणा.

० पासून ३० टक्क्यांपर्यंत नळ्या लावा. ०, ०.५, १, २, ३, ५, ७.५, १० आणि मग अडीच-अडीचने वर, प्रत्येकीच्या तीन प्रती. प्रत्येक मिठाच्या पातळीचा कोरा ब्रॉथ वेगळा ठेवा, कारण मिठाने आणि मॅग्नेशियमच्या साक्याने गढूळपणाचं वाचन बदलतं. मॅग्नेशियमचे क्षार आणि फॉस्फेट एकत्र ऑटोक्लेव्ह केले, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक केले, की पांढरा साका बसतो. वेगळे ऑटोक्लेव्ह करून गार झाल्यावर मिसळा. वाढ मोजताना दुसऱ्या दिवशी किती गढूळ झालं एवढ्यावर थांबू नका, दर दोन-तीन तासांनी वाचून वेग काढा. कारण जास्त मिठात जिवाणू सावकाश वाढून आठवड्याने तेवढाच दाट दिसू शकतो. सर्वोत्तम म्हणजे सर्वांत वेगवान. आणि निबंधात '१८ टक्के मीठ' असं मोघम लिहू नका. मरीन अगारमध्ये मूळचंच लिटरला साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपास सोडियम क्लोराइड असतं, शिवाय मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट. तुमचे १८ टक्के त्याच्यासकट की त्याच्यावर?

आणखी एक नळी जरूर लावा, जिच्यात सोडियम क्लोराइडऐवजी तेवढ्याच मोलरचं पोटॅशियम क्लोराइड असेल. त्यात वाढला नाही तर त्याला सोडियमच हवा आहे, नुसता बाहेरचा ताण नाही. समुद्री जिवाणूंची ही फार जुनी खूण आहे.

प्लेटबद्दल दोन गोष्टी. जास्त मिठात अगार ढिला राहतो, म्हणून २ टक्के अगार घाला. मीठप्रेमी सावकाश वाढतात, प्लेट दोन-तीन आठवडे ठेवावी लागते, तोवर पाणी उडतं आणि मिठाचे स्फटिक कॉलनीसारखे दिसू लागतात. नवख्या डोळ्याला हमखास फसवतात. सुईने टोचून बघा: स्फटिक कुरकुरतो आणि पाण्याच्या थेंबात विरघळून जातो, कॉलनी सुईला चिकटून येते. प्लेट प्लास्टिकच्या पिशवीत ओल्या कापसाच्या बोळ्यासोबत ठेवल्या तर हा त्रास खूप कमी होतो.

ग्रॅम स्टेन, म्हणजे जिवाणूंचे दोन मोठे गट ओळखायची रंगचाचणी, करताना स्लाइडवर पाण्याच्या थेंबात कल्चर मिसळू नका. जास्त मीठ लागणारी पेशी साध्या पाण्यात फुगून फुटते आणि तुम्हाला नुसता गुलाबी चिखल दिसतो. त्याच मिठाच्या पाण्यात मिसळा, वाळवा आणि २ टक्के ॲसेटिक ॲसिडने पाच मिनिटं पक्कं करा. मीठही निघून जातं, पेशीही शाबूत राहते. ही ड्यूसॉल्ट यांची १९५५ सालची पद्धत, अजून तितकीच कामाची. जोडीला ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये कॉलनी घोळवून तार सुटते का पाहा. सुटली तर ग्रॅम निगेटिव्ह. तयार बायोकेमिकल पट्ट्या वापरत असाल तर तीच काळजी: सोबत येणारा द्रव आपल्या नेहमीच्या रुग्णालयातल्या जिवाणूंसाठी असतो. त्यात मीठ घातल्याशिवाय वीसच्या वीस घरं निगेटिव्ह येतात आणि ते आपण 'गुणधर्म' म्हणून लिहून मोकळे होतो.

रंगावरून घाई करू नका. मे महिन्यात मिठागराचा शेवटचा कप्पा लालसर होतो, त्यातल्या लाल कॉलनी म्हणजे आर्किया असं वर्षानुवर्षं सगळे धरून चालले होते. आर्किया म्हणजे जिवाणूंसारखे दिसणारे पण वंशवेलीवर अगदी वेगळे जीव. हॅलोबॅक्टेरियमच्या नावात बॅक्टेरियम आहे, पण तो जिवाणू नाही. २००२ मध्ये स्पेनच्या मिठागरांतून सॅलिनिबॅक्टर रूबर जाहीर झाला. तो लाल आहे, आर्कियासारखाच पेशीत पोटॅशियम भरून मिठाशी जुळवून घेतो, त्याच प्लेटवर वाढतो, पण आहे अस्सल जिवाणू. म्हणजे तोवर कितीतरी प्लेटवर तो आलाही असेल आणि लाल दिसला म्हणून बाजूला गेला असेल. हॅलोमोनास घराणं दुसरी युक्ती वापरतं: एक्टॉइन, बिटेन यांसारखे छोटे रेणू पेशीत साठवून बाहेरच्या मिठाला तोल देतं. तुमच्या जीनोममध्ये एक्टॉइन बनवणारी जनुकं आहेत का ते आवर्जून शोधा. मिठाचा आलेख आणि जनुकं शेजारी शेजारी मांडली की वर्णनाला वजन येतं.

आता जीनोम. क्रम स्वच्छ करूनही साम्य ९८.७ च्या खाली किंवा आसपास राहिलं तर जीनोम करून घ्याच. हॅलोमोनास इलाँगाटाचा जीनोम सुमारे ४० लाख अक्षरांचा आहे, तुमचाही त्याच मापाचा असावा. निदान ५० पट वाचन, म्हणजे प्रत्येक अक्षर सरासरी ५० वेळा, मागा. डेटा आला की पहिलं काम: त्यातलं १६एस जनुक काढून तुमच्या सँगरच्या क्रमाशी जुळवा. जुळलं नाही तर नळीत दुसराच कुणी आहे, किंवा दोघे आहेत. हे होतं, आणि शुद्ध वाटणाऱ्या कल्चरमध्येही होतं. मग जवळच्या सगळ्या टाइप स्ट्रेनच्या जीनोमशी एएनआय काढा, म्हणजे सामायिक भागातल्या अक्षरांचं सरासरी साम्य. ९५ ते ९६ टक्क्यांखाली असेल तर प्रजाती वेगळी. डिजिटल डीएनए संकरण, म्हणजे तेच संकरण संगणकावर, ७० च्या खाली हवं. डीएसएमझेडच्या टीवायजीएस सर्व्हरवर ते विनामूल्य होतं आणि तो जवळचे टाइप स्ट्रेन स्वतःच निवडतो. हाताने संकरण करताना एका जोडीला आठवडे जायचे आणि दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळायचे नाहीत, ते दिवस ज्यांनी काढले त्यांना या सर्व्हरचं मोल कळतं. एएनआय ९५ आणि ९६ च्या मधे अडकला तर आकड्याशी भांडू नका. जीनोमवरून काढलेला वंशवृक्ष आणि गुणधर्म काय सांगतात ते पाहा, आणि तरीही संशय राहिला तर थांबा.

जीनोम असला तरी जवळचे टाइप स्ट्रेन मागवून तुमच्या प्रयोगशाळेत, तुमच्या माध्यमावर, तुमच्या तापमानाला शेजारी शेजारी वाढवावे लागतातच. दुसऱ्यांच्या निबंधातून त्यांचे गुणधर्म उतरवून तक्ता करू नका. माध्यमातलं मीठ बदललं की फॅटी ॲसिडचं प्रमाण बदलतं. तीन देशांतल्या तीन माध्यमांवरचे आकडे एका तक्त्यात बसवले तर फरक जिवाणूचा की माध्यमाचा हे कुणालाच सांगता येत नाही. फॅटी ॲसिड, क्विनोन आणि ध्रुवीय लिपिड हे पेशीतल्या रेणूंचे तीन रासायनिक तपास बाहेरून करून घेता येतात. हॅलोमोनासमध्ये क्यू-९ हा मुख्य क्विनोन असतो, तुमच्यात दुसराच निघाला तर जीनसबद्दल पुन्हा विचार करा. याहून जास्त या विषयावर मी इथे लिहीत नाही, पद्धती ठरलेल्या आहेत.

नाव देण्याचे नियम आंतरराष्ट्रीय संहितेत आहेत. नाव लॅटिन घडणीचं, दोन शब्दांचं, आणि जीनसच्या लिंगाशी जुळणारं. गावावरून द्यायचं तर शेवटी 'एन्सिस' लागतं. आपल्याकडचं सुंदर उदाहरण लोणारचं आहे. ते सरोवर समुद्राचं नाही, खारं आणि अल्कधर्मी आहे, पण तिथून २०१२ मध्ये सेसेंबिया लोनारेन्सिस ही नवी जीनस आणि प्रजाती जाहीर झाली. सेसेंबिया हे हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेच्या आद्याक्षरांवरून, लोनारेन्सिस लोणारवरून. जिथली माती, जिथलं पाणी, त्या जागेचं नाव शास्त्रात राहावं असं मला मनापासून वाटतं. तुमच्या मिठागराच्या गावाचं नाव लॅटिनमध्ये कसं बसतं ते एखाद्या जाणकाराला विचारून ठेवा. स्वतःचं नाव देऊ नये, हा संकेत सगळे पाळतात.

पण नाव छापून आलं म्हणजे झालं नाही. आयजेएसईएम या नियतकालिकात वर्णन यावं लागतं, किंवा दुसरीकडे छापून मग आयजेएसईएमच्या मान्यता यादीत यावं लागतं. आणि त्यासाठी तुमचा टाइप स्ट्रेन दोन वेगवेगळ्या देशांतल्या दोन संग्रहांमध्ये जिवंत जमा हवा, तोही कुणालाही मागता येईल असा, अटी न घालता. आपल्याकडे पुण्यात राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्थेचं एमसीसी, चंडीगडला एमटीसीसी आहे. बाहेर जर्मनीचं डीएसएमझेड, जपानचं जेसीएम, कोरियाचं केसीटीसी, बेल्जियमचं एलएमजी. भारतातला जिवाणू बाहेर पाठवताना जैवविविधता कायदा २००२ लागू होतो. त्यातल्या कलम ३९ नुसार नवा सापडलेला जीव नेमून दिलेल्या संग्रहात जमा करणं बंधनकारकच आहे. म्हणून पुण्याच्या किंवा चंडीगडच्या संग्रहाशी पहिल्या महिन्यातच बोला, राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे अर्ज कोणते लागतील ते विचारा, आणि प्रमाणपत्रावर 'निर्बंधाशिवाय उपलब्ध' असा अर्थ स्पष्ट येतोय ना ते वाचून घ्या. निबंध पूर्ण लिहून झाल्यावर या कागदांच्या मागे लागलेले लोक वर्ष-वर्ष अडकलेले मी पाहिले आहेत.

संग्रहात पोचण्याआधी तो जगायला हवा. एका विद्यार्थिनीचा पिवळा, फार देखणा स्ट्रेन, एएनआय ८९, सगळं काम झालेलं. फक्त तो उतरत्या अगारच्या नळ्यांवर चार अंशाला ठेवलेला होता. दिवाळीच्या सुट्टीत वीज गेली, फ्रीज बंद पडला, नळ्या वाळल्या. परत आला नाही. जीनोम आजही संगणकावर आहे. २०२२ मध्ये सीकोड नावाची नवी संहिता आली, तिच्यात जीनोमच टाइप म्हणून चालतो, त्यामुळे अशा हरवलेल्यांना निदान नाव मिळू शकेल. पण कल्चर हातात असताना मी कुणालाही ती वाट सुचवणार नाही. तुमच्या जिवाणूच्या आजच दहा नळ्या करा: त्याच्या आवडत्या मिठाच्या ब्रॉथमध्ये २० टक्के ग्लिसरॉल, उणे ८० अंश, पाच तुमच्याकडे आणि पाच दुसऱ्या विभागाच्या फ्रीझरमध्ये. एक महिन्याने एक नळी उघडून उठतो का ते बघा.

आणि एकाच स्ट्रेनवर प्रजाती उभी करू नका, जमेल तोवर. नियम एका स्ट्रेनला परवानगी देतो, पण एका माणसाला पाहून गावाचं वर्णन करण्यासारखं ते होतं. त्याला भावंडं शोधा. मूळ नमुना चार अंशाला असेल तर त्यातून पुन्हा पसरवा, या वेळी मरीन अगार एक दशांश विरळ करून, मीठ १० टक्क्यांवर ठेवून, तीन आठवडे थांबून. श्रीमंत माध्यमावर नेहमीचे चपळ लोकच पुढे येतात. समुद्रात सर्वाधिक संख्येने असलेला एसएआर-११ हा गट १९९० मध्ये डीएनएवरून कळला, पण प्रयोगशाळेत वाढवायला २००२ उजाडलं, आणि तो वाढला निर्जंतुक केलेल्या समुद्राच्या पाण्यात.

नमुना संपला असेल तर मिठागरात परत जा. समुद्राचं साडेतीन टक्क्यांचं पाणी कप्प्याकप्प्यातून आटत जातं, सुमारे चौपट झालं की जिप्सम बसू लागतं, दहापट झालं की मीठ. प्रत्येक कप्प्याची खारटी रिफ्रॅक्टोमीटरने मोजा, तापमान, पीएच, अक्षांश-रेखांश आणि तारीख लिहा. वर्णनात हे सगळं द्यावं लागतं. आगरात काम करणाऱ्यांना विचारलंत तर कुठल्या कप्प्यात आधी मीठ धरतं ते ते बोट दाखवून सांगतील. तुमचा जिवाणू १८ टक्क्यांत वाढतो, तर जिप्समच्या आणि मिठाच्या मधल्या कप्प्यांत त्याची भावंडं मिळण्याची आशा जास्त. पण हे मे संपायच्या आत करा. पहिला जोराचा पाऊस झाला की सगळे कप्पे एक होतात, खाडीचं गोडसर पाणी आत शिरतं, आणि मग पुढचा खरा नमुना हंगाम पुन्हा सुरू झाल्यावरच.